पाचवी जोडी अठ्ठावीस

तो नंबर मी इथं छापणार नाही. माणूस गेला तरी नंबर त्याचाच असतो, आणि लोकांचे नंबर चारचौघांत वाचून दाखवणाऱ्या कार्यालयांवर मी आजवर भरपूर तोंडसुख घेतलंय. गुणधर्म मात्र छापते. गुणधर्मांवरून माणूस सापडत नाही.

सोळा आकडे. विषम. मूळ संख्या नाही, संयुक्त. आकड्यांची बेरीज बहात्तर, म्हणून नवानं भाग जातो. एकाआड एक आकडे घेऊन दोन बेरजा केल्या तर इकडं छत्तीस, तिकडं छत्तीस, म्हणून अकरानंही भाग जातो. दोन-दोन आकड्यांच्या आठ जोड्या पाडल्या तर पाचवी जोडी अठ्ठावीस.

ही पाचवी जोडी मी चुकीची लिहिली. मागच्या थंडीत उदगीर आणि नांदेडात मी एक पत्रक वाटलं होतं, ‘जिवंत माणसाचा नंबर गिळणारं कार्यालय’ या मथळ्याचं. काहींच्या घरात ते अजून असेल. त्यातलं मुख्य वाक्य खोटं आहे. नंबर कार्यालयानं गिळला नव्हता. ते पत्रक मी एका बैठकीत लिहिलं होतं. हे लिहायला चार महिने लागले.

आमचं घर उदगीरला. बाबांनी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गणित शिकवण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर खडू सुटला, गणित सुटलं नाही. ओट्यावर बसायचे आणि समोरून टेम्पो गेला की त्याच्या नंबराला वर्गात बसवायचे. सम का विषम, मूळ का संयुक्त, हे तर झालंच. त्याशिवाय त्यांचे स्वतःचे तीन वर्ग होते: भरलेली, अपुरी आणि उतू जाणारी. एखाद्या संख्येला ज्या-ज्या लहान संख्यांनी पूर्ण भाग जातो, त्या सगळ्यांची बेरीज करायची. बेरीज कमी पडली तर संख्या अपुरी, जास्त झाली तर उतू गेली. बारा उतू जाते. आठ अपुरी. आणि बेरीज बरोबर तेवढीच आली तर भरलेली. पुस्तकात तिला परिपूर्ण म्हणतात. शंभराच्या आत अशा दोनच, सहा आणि अठ्ठावीस. एक, दोन, चार, सात, चौदा, करून बघा.

समोरच्या घरात चाचा. पुढं दुकान, मागं घर, आमच्या दारासमोर त्यांचं दार. मोंढ्यातल्या धान्याच्या आडत्यांचे वजनकाटे दुरुस्त करणं हा त्यांचा तीन पिढ्यांचा धंदा. बॅटरीवरचे काटे आल्यापासून काम कमी झालं होतं, पण दांडीचा काटा ठेवणारी जुनी माणसं चाचांशिवाय कुणाला हात लावू देत नसत. टेम्पो गेला की ते दुकानातूनच ओरडायचे, “मास्तर, इसकी जात क्या?”

“संयुक्त!” बाबा ओट्यावरून.

“पोटजात?”

“अपुरी.”

“देख बेटा,” मला उद्देशून, “आदमियां में कम पड़े, तो अब आकड्यां में बी जातां ढूंड रै तेरे अब्बा.”

“भाई, ही जात कुणाला शिवत न्हाई आन कुणाला बाटवत न्हाई. लई सोयीची हाय.”

असं रोज. मी लहान होते तेव्हाही आणि मी नांदेडला जाऊन संघटनेच्या कामाला लागले तेव्हाही. सुट्टीला आले की चाचा म्हणायचे, “आ गए लीडर. आज किसके खिलाफ है?”

त्यांची एक रीत सांगायलाच पाहिजे. काटा दुरुस्त झाला, दोन्ही पारड्यांत वजनं ठेवली, दांडी सरळ राहिली, तरी चाचा काटा गिऱ्हाइकाला देत नसत. डाव्या पारड्यातलं उजव्यात टाकायचे, उजव्यातलं डाव्यात. तेव्हाही दांडी सरळ राहिली तरच काटा खरा. “एक बाजू से तो झूटा काटा बी सच बोलता, बेटा. पलटा के देखने का.” हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. भाषणातही वापरलंय, टाळ्या घेतल्यात.

आता माझ्याबद्दल. मी कॉलेजात असताना पाठ्यपुस्तकात एक बदल आला होता. मुलांना मराठी आकडे अवघड जातात, म्हणून अठ्ठावीस न म्हणता ‘वीस आठ’ म्हणावं, असा. महाराष्ट्रभर गदारोळ झाला, आणि नांदेडात गदारोळ करणाऱ्यांत मी पुढं होते. माझं आयुष्यातलं पहिलं पत्रक त्यावरच होतं. त्यातली ओळ अजून पाठ आहे: ‘अठ्ठावीस हा आमच्या आईच्या दुधातला आकडा आहे, तो तोडून त्याचे तुकडे आम्हाला भरवू नका.’ बाबांनी ते पत्रक वाचून एवढंच म्हटलं होतं, “भाषा चांगली हाय. पण त्यांचं म्हणणं काय होतं ते लिहिलंच न्हाईस तू.”

“त्यांचं म्हणणं त्यांनी लिहावं,” मी म्हणाले.

त्यांचं म्हणणं साधं होतं. आपण म्हणताना आठ आधी म्हणतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. मुलं गोंधळतात. मला ते तेव्हा हास्यास्पद वाटलं होतं. आम्ही काय गोंधळलो का?

मागच्या पावसाळ्यात चाचांच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. लातूरच्या एका दवाखान्यात आठवड्यातून दोनदा रक्त धुवायचं ठरलं. खालाची, म्हणजे चाचांच्या बायकोची, बहीण लातुरात राहते, तिच्याकडं दोघं जाऊन राहिले, मधूनच उदगीरला यायचे. उपचार सरकारी योजनेतून व्हायचे होते आणि योजनेत नाव चढायला चाचांच्या सरकारी ओळखकार्डाचा नंबर लागत होता. बाकी लोक मशीनवर बोट ठेवतात आणि मोकळे होतात. चाचांची बोटं मशीन घेईना. पन्नास वर्षं पितळ आणि शिसं घासून त्यांच्या बोटांवर रेघच उरली नव्हती. मशीनवाला पोरगा म्हणाला, “चाचा, तुमी तर कोरेच हायत.” चाचा हसले होते. मग कागदी अर्ज हाच रस्ता राहिला. त्यावर सोळा चौकटी होत्या, हातानं भरायच्या.

अर्ज भरणं हे तर आमचं कामच. नांदेडला आमच्या टेबलावर मी आजवर किती फॉर्म भरले असतील त्याला गणती नाही. दिवाळीनंतर मी उदगीरला आले तेव्हा चाचाही दोन दिवसांसाठी घरी आले होते. त्यांच्याच दुकानात बसलो. चाचा भिंतीला टेकून, पाय सुजलेले, पांघरूण गुडघ्यापर्यंत. खाला चहा करत होती. कार्ड बाबांच्या हातात, फॉर्म माझ्या मांडीवर.

मी म्हणाले, “एकेक आकडा सांगा बाबा.”

“एकेक आकडा सांगितला की ऐकणारा झोपतो. जोडीनं सांगतो.” आणि चाचांकडं बघून, “भाई, सोळा आकडे म्हंजे किती ठाव हाय का? एकं, दहं, शतं, सहस्र...” असं बोटांवर मोजत कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी करत ते सोळाव्या पेरावर आले. “...अंत्य. तुमचा पहिला आकडा अंत्याच्या घरात बसलाय.”

“अंत्य बोले तो?”

“शेवटचं.”

“अच्छा है,” चाचा म्हणाले. “पहिलेच लिख के रखे सरकार.”

सगळे हसलो. खालासुद्धा, चहा गाळताना. मग बाबा एकेक जोडी म्हणत गेले आणि मी लिहीत गेले. झरझर. मला साडेचारची नांदेडची बस धरायची होती, संध्याकाळी बैठक होती.

लिहून झाल्यावर बाबांनी ताळा केला. हे त्यांचं कायमचं. आकड्यांची बेरीज करायची, कार्डावरची आणि फॉर्मवरची. “कार्डावर बहात्तर. तुझी?”

मी बेरीज केली. “बहात्तर.”

“मग जुळलं. एक जरी आकडा चुकला असता तर बेरजेनं बोंब मारली असती.” त्यांनी कार्ड पुन्हा डोळ्यांजवळ धरलं. “भाई, एक भरलेली जोडी हाय तुमच्यात.”

हे वाक्य मी ऐकलं. माझ्या फॉर्मवर भरलेली जोडी नव्हतीच. पण मी तेव्हा पेनाचं टोपण शोधत होते.

चाचा म्हणाले, “मास्तर, पलटा के देखो ना एक बार. तुम फारम पढो, वो कार्ड देखेगी.”

“चाचा, माझी बस चुकेल,” मी म्हणाले. “आणि मास्तरांचा ताळा झालाय.”

“हौ, वो बी है,” चाचा म्हणाले.

कार्डाची झेरॉक्स कोपऱ्यावर काढली. प्लास्टिकच्या चकाकीमुळं ती काळी आली, नंबराच्या जागी नुसता डाग. मी तशीच जोडली. भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स मात्र छान आली, ती माझ्या फायलीत ठेवली. कार्ड खालाच्या थैलीत लातूरला गेलं.

अर्ज परत आला. ‘तपशील जुळत नाही.’ कोणता तपशील, ते कुठं लिहिलेलं नव्हतं. मी दुसरा फॉर्म भरला, माझ्या फायलीतल्या झेरॉक्सवरून उतरवून. तोही परत आला. तेव्हा मी स्वतः उदगीरच्या कार्यालयात गेले. खिडकीवर एक बाई होत्या, माझ्या आईच्या वयाच्या, स्वेटरवर ओढणी घेतलेल्या.

“ताई, ह्या नंबरावर ते नाव निघत न्हाई,” त्या म्हणाल्या. “मूळ कार्ड घेऊन या, मी बघते.”

“मूळ कार्ड पेशंटबरोबर लातूरला आहे.”

“मग त्यायला म्हणावं एकदा घेऊन या.”

“ज्याला चालता येत नाही त्याला तुम्ही अजून एक फेरा मारायला लावणार?”

“अहो, माणूस नगं, कार्ड आणा. न्हाईतर फोनवर वाचून घ्या. आकडा इकडचा तिकडं होत असतो.”

“आमचे बाबा गणिताचे मास्तर होते,” मी मोठ्यानं म्हणाले, मागच्या लाईनला ऐकू जाईल असं. “आमचे आकडे इकडचे तिकडं होत नाहीत. तुमच्याकडंच होत असतील.”

लाईनमधल्या दोघा-तिघांनी वाहवा केली. बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि अर्ज घेऊन ठेवला. फोनवर वाचून घ्यायला दोन मिनिटं लागली असती. मी घेतलं नाही. तिनं सांगितलं म्हणूनच घेतलं नाही, हे आज स्पष्ट लिहिते.

खिडकीवर दिलेला तो तिसरा अर्जही माझ्या झेरॉक्सवरूनच भरलेला होता. दरम्यान योजनेत नाव नसल्यामुळं दवाखान्यातले दोन फेरे परवडेनात, ते आठवड्याला एकावर आले. चाचांना धाप लागायला लागली. फोनवर ते दोनच वाक्यं बोलायचे. “लीडर, हुआ क्या?” मी म्हणायचे, होतंय चाचा. “हौ. मास्तर कू सलाम बोल.”

मग मी पत्रक काढलं. संघटनेतल्या थोरल्या कार्यकर्त्यांना, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो, मजकूर लई आवडला. त्यात मी चाचांच्या कोऱ्या बोटांबद्दल लिहिलं होतं, सुजलेल्या पायांबद्दल लिहिलं होतं आणि लिहिलं होतं की खिडकीवर बसलेल्या बाईला एक माणूस आणि एक शिळा कागद यांतला फरक कळत नाही. नाव घातलं नव्हतं. उदगीरसारख्या गावात नाव घालावं लागत नाही. ओळखणाऱ्यांनी ओळखलं. कुणीतरी ते पत्रक त्या खिडकीच्या काचेवरच चिकटवलं. आठवडाभरात बाईंना खिडकीवरून उठवून आतल्या जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं. आम्ही त्याला विजय म्हटलं. भोकर आणि नायगावच्या सभांत मी तो किस्सा सांगितला.

चाचा थंडीच्या शेवटी गेले. लातूरला, दुपारी. त्यांना उदगीरला आणून दफन केलं. त्या दिवशी आमच्या ओट्यावर बाबा एकटेच बसले होते, रस्त्यावरून गाड्या जात होत्या आणि ते नंबर वाचत नव्हते.

पंधरा दिवसांनी खाला आमच्याकडं आली. थैलीतून कार्ड काढून बाबांच्या पुढं ठेवलं. “मास्तर, ये बंद करना बोलते. वो बी फारम है बोलते.” माणूस मेला की त्याचा नंबर बंद करायचा अर्ज वेगळा असतो, आणि त्यालाही सोळा चौकटी असतात. मी रजेवर घरीच होते. फायलीतली झेरॉक्स काढून त्यावरून भरायला बसले. चौथ्यांदा.

बाबांनी कार्ड हातात घेतलं, पण वाचायला नाही. त्यांना बहुतेक चाचांबरोबर थोडं बसायचं होतं. माझ्याच उरलेल्या पत्रकाची एक पाठकोरी ओढली आणि त्या नंबराला कशाकशानं भाग जातो ते बघायला लागले. नवानं जातो हे माहीत होतं. मग अकराचा ताळा. एकाआड एक आकडे.

“छत्तीस,” म्हणाले. “आन हे पण छत्तीस. अकरानं गेला भाई.” ‘भाई’ म्हणाले आणि पेन खाली ठेवलं. मग मला म्हणाले, “तुझ्यावर करून बघ. मला मोजताना चुकल्यासारखं होऊन राहिलंय.”

मी माझ्या फॉर्मवर केलं. “बेचाळीस. आणि तीस.”

“पुन्हा कर.”

पुन्हा केलं. बेचाळीस आणि तीस.

“मधे बारा ऱ्हायले. बारा ऱ्हाऊन अकरानं जात नसतो.” त्यांनी हात पुढं केला. “आण इकडं.”

कार्ड आणि फॉर्म शेजारी शेजारी ठेवले. बोट सरकत गेलं. पहिली जोडी, दुसरी, तिसरी, चौथी. पाचव्या जोडीवर थांबलं. कार्डावर २८. माझ्या फॉर्मवर ८२.

दोन आकडे आपसांत बदलले तर बेरीज तीच राहते. कितीही बदला, कुठलेही बदला. बेरजेचा, म्हणजे नवाचा, ताळा ही चूक पकडू शकत नाही, आणि मराठी माणूस आकडे ऐकून लिहिताना हीच एक चूक करतो. अकराचा ताळा ती लगेच पकडतो. बाबांना दोन्ही ताळे येत होते. त्या दिवशी त्यांनी एकच केला, कारण मला बस धरायची होती. खरा नंबर आणि माझा नंबर यांच्यामध्ये पाच कोटी चाळीस लाखांचं अंतर होतं, आणि त्या अंतरालाही नवानं पूर्ण भाग जातो.

खाला म्हणाली, “क्या हुआ?”

“काही न्हाई,” बाबा म्हणाले. “चष्मा घाण झालाय.”

ती गेल्यावर म्हणाले, “मी वाचताना चुकलो असन.”

मी त्यांना तसं समजू दिलं. पाच दिवस काही बोलले नाही, हेही लिहून ठेवते. त्या पाच दिवसांत बाबा डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊन आले. चष्म्याचा नंबर तोच निघाला. “मग जिभेचं असन,” म्हणाले. आईला समोर बसवून तिच्याकडून पेपरातले आकडे लिहून घ्यायला लागले, आपण बरोबर म्हणतो का ते बघायला. चाळीस वर्षं पोरांना पाढे शिकवलेला माणूस. मला माहीत होतं, ते बरोबर म्हणाले होते. ‘एक भरलेली जोडी हाय तुमच्यात’ असं ते म्हणाले होते. ब्याऐंशी भरलेली नसते. एक, दोन, एकेचाळीस, झाले चव्वेचाळीस. अपुरी. त्यांनी कार्डावर अठ्ठावीस बघितला होता आणि अठ्ठावीसच म्हटला होता.

सहाव्या दिवशी मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एक कोरा कागद माझ्यापुढं टाकला.

“लिही. अठ्ठावीस.”

मी लिहिलं. लिहिताना दोघांनीही बघितलं. माझ्या हातानं आधी आठ लिहिला, डावीकडं जागा सोडून, आणि मग मागं येऊन त्या जागेत दोन बसवला. मी असं लिहिते हे मला आयुष्यात कधी माहीत नव्हतं. माझी फोन नंबरांची डायरी काढली, तिथंही तेच. आठ मोकळा, दोन जरा चेपलेला. कोऱ्या कागदावर हाताला मागं यायला जागा असते. चौकटींच्या फॉर्मवर नसते. तिथं आठ पहिल्या रिकाम्या चौकटीत गेला आणि दोनाला पुढची मिळाली. बाकीच्या जोड्यांत मी कशी वाचले, कुठं सावध होते, आठवत नाही. या एका जोडीला मी बहुतेक घड्याळ बघत होते.

“आईच्या दुधातला आकडा,” मी म्हणाले. मला हसू आणायचं होतं. आलं नाही.

बाबा म्हणाले, “चूक न्हाई असं मी म्हणणार न्हाई. चूक हाय. तुझी अर्धी, माझी अर्धी. पण ताळा चुकला ते एक. त्या बाईनं सांगितलं होतं का न्हाई, कार्ड बघ म्हणून?”

“सांगितलं होतं.”

“मग ते चुकणं न्हाई. ते काय हाय, त्याचं नाव तूच शोध.”

भाऊंना नांदेडला जाऊन सगळं सांगितलं, दुरुस्तीचं पत्रक काढू म्हटलं. त्यांनी दार लावून घेतलं. “आता हे उकरून काय मिळणार? लोक उद्या आपला एक कागद खरा मानणार नाहीत. आणि कार्यालयं काय धुतल्या तांदळासारखी आहेत? या वेळी नसेल त्यांची चूक, दहा वेळा असते.”

“दहा वेळा असते,” मी म्हणाले. “त्या दहा वेळा आपण पत्रक काढू. हे अकरावं आहे.”

छपाई त्यांनी दिली नाही. मग मी दुरुस्ती हातानं लिहिली, तिच्या झेरॉक्स काढल्या आणि उदगीरला घेऊन आले.

कार्यालयात बाई आतल्या खोलीत होत्या. टेबलावर सुतळीनं बांधलेले गठ्ठे, खिडकी नाही, दिवसाही ट्यूब लावलेली. मी दुरुस्तीचा कागद पुढं ठेवला. त्यांनी सगळा वाचला. मग चाचांचा नंबर बंद करायचा अर्ज मागितला. मी दिला. या वेळी बरोबर भरलेला होता.

“कार्ड?”

मी कार्ड दिलं.

त्यांनी स्वतः कार्ड धरलं, अर्ज मला दिला. “वाचा तुम्ही. एकेक आकडा.”

मी एकेक आकडा वाचला. सोळा. त्या कार्डावर बोट फिरवत राहिल्या. मग अदलाबदल केली, अर्ज त्यांनी घेतला, कार्ड मला दिलं. “आता मी वाचते.” पुन्हा सोळा. चाचांची रीत त्यांना कुणी शिकवली नव्हती.

मी म्हणाले, “मला माफ करा.”

“अर्ज बरोबर हाय,” त्या म्हणाल्या. शिक्का मारला. “पोच बाहेर मिळंन.” दुरुस्तीचा कागद त्यांनी घडी करून पर्समध्ये ठेवला की खाली टाकला, मी बघायला थांबले नाही.

खालाला सांगायला मी सगळ्यात शेवटी गेले. भित्रेपणा, दुसरं काही नाही. दुकान बंद होतं, मी मागच्या बाजूनं गेले. ती तांदूळ निवडत होती. मी कागद वाचून दाखवला, कारण तिला मराठी वाचता येत नाही. २८ आणि ८२ बोटानं दाखवले. ती आकडे ओळखते, काट्यांच्या घरातली आहे.

“इत्ताच?” ती म्हणाली. “आगे का पीछे?”

“हो खाला.”

“उनकू मालूम था क्या?”

“नाही. त्यांनी पलटून बघ म्हटलं होतं. मी बघितलं नाही.”

“हौ. मैं थी उदर.” तिनं सूप बाजूला ठेवलं.  मग उठली, आतल्या फळीवरून एक डबा काढला आणि त्यातून माझं ते पत्रक काढलं, ते कार्यालयानं नंबर गिळल्याचं. चार घड्या घातलेलं, प्लास्टिकच्या पिशवीत. “ये मैं सबकू बांटी. लातूर में, बीदर में. सबकू बोली, दफ्तरवाले मारे मेरे आदमी कू. रोना आया तो ये पढवा लेती थी किसी के पास.” तिनं ते माझ्या हातात दिलं. “अब किसकू किसकू बोलूं? और क्या बोलूं?”

मी पत्रक घेऊन उठले. 

ती पुन्हा तांदूळ निवडायला बसली. दुसरा कागद, दुरुस्तीचा, तिनं घेतला नाही. मी तो चौकटीला टेकवून ठेवला आणि रस्ता ओलांडून घरी आले. त्यांचं दार आमच्या दारासमोरच आहे. तेव्हापासून दार उघडं असतं, पडदा खाली असतो.

बाबा ओट्यावर बसतात. परवा एक टेम्पो बराच वेळ समोर उभा होता, नंबर अगदी तोंडासमोर. मी म्हटलं, “बाबा, मूळ का संयुक्त?”

“बघितला न्हाई,” ते म्हणाले.